खंदकापलीकडची नाच्याटोली

पवनी,
४ सप्टेंबर १९८१

भाऊ,

'तीर्थरूप' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं भाऊ.

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांत पहिलं. वर लिहिलं आहेस, 'सौभाग्यवती धुरपताबाईस'. मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा तूच करडीच्या चौकात उभा राहून म्हणाला होतास, ही आमची कोणी नाही, आमच्या विहिरीवर दिसली तर तंगडी मोडीन. आता पोरगी सापडत नाही म्हटल्यावर मी सौभाग्यवती झाले. वाचून शिसारी आली. घरात मोठ्याने वाचून दाखवलं, तर माझी महापरसाद, जिच्याबरोबर मी राहते ती, बिड्या वळता वळता एवढी हसली की सुपातला तंबाखू जमिनीवर सांडला.

शकुन इथे नाही. कुठे आहे मला माहीत नाही. लग्नाची पोर घर सोडून जाते तेव्हा आधी घरात काय झालं ते बघावं. ते तू कळवलेलं नाहीस. वरठीचं स्थळ किती चांगलं आहे, एवढंच पानभर लिहिलं आहेस.

आणि विचारतोस, 'तुम्ही राहता ती जागा कशी आहे, तिथे कोणत्या प्रकारचे लोक राहतात?' तुला ठाऊक नसल्यासारखं विचारलंस, त्याची मला सगळ्यांत जास्त घिन आली. तरी सांगते, म्हणजे माहीत नव्हतं असं पुन्हा म्हणता येणार नाही.

पवनीच्या जुन्या कोटाचा खंदक ओलांडला की पूर्वी पडीक होतं. मेलेली ढोरं तिथे टाकत. धनीराम दंडारीच्या खेळात बाईचं सोंग घ्यायचा. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत त्याच्या ठुमक्यावर शिट्ट्या मारणाऱ्यांनीच त्याला मंडई उठल्यावर गावाबाहेर हाकललं, कारण लुगडं उतरवलं तरी तो तसाच चालायचा. ढोरं टाकायची जागा कोणाला नको होती, म्हणून ती त्याला मिळाली. हाडं वेचून त्याने पहिलं घर उभं केलं. मग केवळराम आला, भोजराज आला, आणखीही आले. गाव नाच्याटोली म्हणू लागलं. बाया मागून आल्या, बिडीच्या कामासाठी. कोणी नवऱ्याने टाकलेल्या, कोणी नवऱ्याला टाकून आलेल्या. त्यातल्या आम्ही काही जोडीने राहिलो. आम्हाला कोणी फारसं बोलत नाही. दोन बाया एका छपराखाली राहतात म्हणजे गरिबी असेल, असं लोकांना वाटतं. दोन पुरुष राहिले की मात्र सगळ्यांना सगळं कळतं.

जोडी इथे कशी होते तेही ऐक. पुरीहून आलेला महाप्रसादाचा वाळका भात धनीराम डब्यात जपून ठेवतो. दोघांनी एकमेकांना त्यातला घास भरवायचा. त्या दिवसापासून एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, मरेपर्यंत महापरसाद म्हणायचं. मित्राची आई ती आपली आई, मित्राची लेक ती आपली लेक. तुमच्या गावांतही लोक असेच महापरसाद होतात आणि तुम्ही त्यांचं कौतुक करता. आमचे एका घरात राहतात एवढाच फरक. म्हणून माझ्या महापरसादाचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. तुला ते ठाऊक आहे. करडीत आपल्या घरामागेच तिचं घर होतं.

दिवाळी जवळ आली की इथे दोरीवर लुगडी वाळत पडतात. पवनीतल्या शहाण्यासुरत्या बाया खंदकाच्या काठाने मुद्दाम येतात, कशावर कसलं पोलकं शोभतं ते केवळरामला हळूच विचारतात आणि परत जाताना नाकाला पदर लावतात. अशी आमची जागा आहे.

धुरपता


पवनी,
२३ सप्टेंबर १९८१

भाऊ,

काल तू येऊन गेलास. भर दुपारी, मोटारसायकलवर, वरठीच्या नवरदेवाचा काका भैय्याजी याला मागे बसवून. मी दारात उभी होते तरी तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. गल्लीच्या मध्ये उभा राहिलास आणि एकेका दाराकडे तोंड करून शिव्या घातल्यास.

"धनीराम, बुढ्या, मराले टेकला तरी धंदा सोडला नाई बे तू! केवळ्या, तुह्या मायनं जन्मताच काहून नाई मारलं तुले! भोजराज, निघ बाहेर! धुरपते, काळं तोंड दाखव!" आणि माझ्या महापरसादाचं नाव घेऊन, "तूनंच बिघडवली माह्या बहिणीले!"

शेवटचं दार तेजरामचं. तो उंबरठ्यावर उभा होता. मंडईसाठी वाढवलेले केस नुकतेच धुतलेले, खांद्यावर पंचा. तू त्याच्यासमोर गेलास, बोट वर केलंस, तोंड उघडलंस, आणि ते तसंच उघडं राहिलं. "आन् हा... ह्या घरचा... यालेही सांगून ठेवतो."

केवळराम मघापासून रडत होता, तो थांबला. खाटेवरून धनीराम म्हणाला, "नाव घे ना गा टेकचंद. आमच्या सगळ्याईचं घेतलं. याचंच कायले ठेवलं?"

तू मागे वळलास. भैय्याजीला काही कळलं नाही. तो आमच्या भिंतीवर तंबाखूचा खर्रा थुंकत होता. तो लाल ओघळ मी आज सकाळी खरडून काढला, हाताला अजून वास येतो. पण तुझ्या त्या अडकलेल्या जिभेची मला त्याहून जास्त किळस आली.

तुला वाटलं मला माहीत नसेल. मला इथे आल्या वर्षीच कळलं. तुझ्या लग्नाआधी, करडीच्या मंडईत तेजरामची दंडार होती. दंडार निघाली तसा तूही तिच्या मागोमाग पवनीला आलास आणि धनीरामच्या अंगणात तेजरामच्या हातचा घास खाल्लास. लग्न झालं, शकुन झाली, तरी बैल बघायला म्हणून येत राहिलास. मग मी इथे राहायला आले आणि तू यायचा बंद झालास. बहिणीने बघितलं तर काय म्हणेल, एवढंच भय. बहीण काय म्हणणार होती? बस म्हणाली असती, चहा टाकला असता. त्याऐवजी तू चौकात उभा राहून मला शिव्या घातल्यास, म्हणजे लोकांचं बोट तुझ्याकडे वळायला नको. तेजरामने एवढ्या वर्षांत मला एका शब्दाने बोल लावला नाही.

आता हेही ऐक. शकुन इथेच आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. तू ओरडत होतास तेव्हा ती आमच्या घरात धानाच्या ढोलीमागे बसून सगळं ऐकत होती. तिच्या पाठीवर बैल बांधायच्या दोराचे वळ आहेत. मैत्रीण रुखमाशी तिने महापरसाद केला, दोघी एका ताटात जेवू लागल्या, एका चादरीत झोपू लागल्या, तुला ते दिसलं. तू रुखमाच्या बापाला गाठून तिला ज्येष्ठात उजवून टाकलीस आणि हिला दोर दाखवलास. तुला बरोबर कळलं, भाऊ. कोणापेक्षाही तुलाच बरोबर कळणार होतं.

तुम्ही गेल्यावर तिने विचारलं, "आत्या, बाबूजीनं तेजरामकाकाचं नाव काहून नाई घेतलं?"

मी म्हटलं, "इसरला असंल."

ती उठून शेवटच्या दाराकडे गेली.

धुरपता


पवनी,
१४ ऑक्टोबर १९८१

भाऊ,

तुझा निरोप आणि पत्र दोन्ही पोचलं. शकुनला दिवाळीआधी पाठव, मंडईला वरठीचे लोक येतील, तेव्हा साक्षगंध उरकून घेऊ. नाही पाठवली तर जातीचे पंच घेऊन येतो आणि तेजरामवर पोरगी पळवल्याचा ठपका ठेवतो. म्हणजे तसं तू लिहिलेलं नाहीस. लिहिलं आहेस, 'त्या शेवटच्या घरवाल्यावर'. आणि खाली, 'जुन्या गोष्टी काढू नकोस.'

मला एकदा सांग, तुझ्या पोटात अन्न कसं राहतं? त्याचं नाव घ्यायला तुझी जीभ धजत नाही आणि त्यालाच पंचांपुढे उभं करतोस. ठपका माझ्यावर ठेव ना. शकुन माझ्या घरात आहे. पण बहिणीवर ठेवला तर तुझ्या घराची लाज जाते, नाच्यावर ठेवला तर कोणाचंच काही जात नाही. हिशेब चांगला केलास.

वरठीच्या नवरदेवाची मी चौकशी केली. बिजवर आहे, शकुनच्या दुप्पट वयाचा. पहिली बायको माहेरी पळून गेली तेव्हा तिला फरफटत परत आणली आणि मग ती विहिरीत सापडली. हे तुला माहीत नाही असं लिहिशील तर मी पत्र तिथेच फाडीन. पंचांनी शकुन तुझ्या हवाली केली तर ती त्याच घरात जाणार, हे इथे सगळ्यांना कळलं आहे. तिलाही कळलं आहे. "मी नाई जात," एवढंच म्हणते आणि बिड्या वळायला बसते. वाकड्या वळते. ठेकेदार निम्म्या बाद करतो.

परवा आम्ही सगळे धनीरामच्या अंगणात बसलो होतो. माझी महापरसाद म्हणाली, "सांगून टाकू ना पंचाईले. हा माणूस इथं कायले येत होता ते सांगू. मंग पाहू कोणाची पोरगी कोण नेते."

मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर, तुझं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढे आणून मी दोन दिवस खूश होते.

तेजराम पोलक्याला काठ लावत होता. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "महापरसादाची इज्जत आपल्या हातानं नाई काढत वो. घास खाल्ला आहे."

"त्यानंही खाल्ला होता ना?" मी म्हटलं.

"त्याचं तो पाहील."

मला त्याचाही राग आला. एवढं झाल्यावर माणसाने असं चांगलं राहू नये, बघणाऱ्याला त्रास होतो. शकुन त्याच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवत होती. तो तिला महापरसादाची लेक म्हणतो, म्हणजे आपलीच लेक. करडीहून ती आली तेव्हा पहिला घास त्यानेच तिला भरवला होता.

पंच आण. आम्ही इथेच आहोत.

धुरपता


पवनी,
२९ ऑक्टोबर १९८१, भाऊबीज

भाऊ,

आज घरोघरी बहिणी ओवाळताहेत. मी ताट काढलं नाही. पंच उठून गेले त्यानंतर आज लिहायला बसले आहे. तू तिथे होतास, तुला सगळं माहीत आहे. तरीही लिहिते, कारण उद्या तू हे लोकांना वेगळं सांगशील.

खंदकाकाठच्या चिंचेखाली पंच बसले. मध्ये खुशाल पाटील, समोर गंगेच्या पाण्याने भरलेला शपथेचा तांब्या. बाजूला तू आणि भैय्याजी. तेजरामला बोलावलं. तो धोतर-सदरा घालून आला, केस मागे बांधून.

खुशाल पाटील म्हणाले, "गंगाजळी उचल आन् म्हण, टेकचंदची लेक मी पळवली नाई. एवढं म्हण आन् जा. मंग आमी तुले काई विचारत नाई."

किती सोपं होतं. एका नावाने तो सुटत होता. त्याने तांब्या उचलला. "यायची लेक मी पळवली नाई."

"यायची म्हणजे कोणाची? नाव घेऊन म्हण."

"यायची."

भैय्याजी उठला आणि त्याने तेजरामच्या थोबाडीत मारली. "माजला का बे? नाव घे!" तेजरामने तांब्या खाली पडू दिला नाही. पुन्हा म्हणाला, "यायची." पुन्हा मारली. ओठ फुटला. तू जमिनीकडे पाहत होतास. तिसरी बसली तेव्हा खुशाल पाटलांनी हात वर करून थांबवलं. म्हातारा माणूस, त्यांनी स्वतः दोन महापरसाद केलेले आहेत. ते तेजरामकडे पाहत राहिले, मग तुझ्याकडे वळले.

"टेकचंद, हा तुले महापरसाद मानते का गा?"

तेव्हा तू बोललास. जीभ अडली नाही, गल्लीतल्यासारखं काही झालं नाही. "कोण तेजराम? मी तेजरामले वळखत नाई. तेजराम-बिजराम माहा कोणी नाई लागत."

तीनदा. एकदा नाही, तीनदा. तेजरामच्या हातातला तांब्या तेव्हा हलला. मार खाताना हलला नव्हता. माझ्या जन्मात मी बरीच घाण बघितली. ढोरांची हाडं निघायची त्या जमिनीवर मी घर सारवलं. पण एवढी घाण मी माणसाच्या तोंडातून निघताना पाहिली नव्हती, आणि ते तोंड माझ्या सख्ख्या भावाचं होतं.

तेजरामने शपथ पुरी केली नाही म्हणजे तो दोषी, असं भैय्याजी म्हणू लागला. शकुन केव्हा बाहेर आली मला कळलं नाही. तिने तेजरामच्या हातून तांब्या घेतला.

"टेकचंदची लेक मी. मले कोणी पळवलं नाई. माह्या पायानं आली. मी वरठीले जाणार नाई आन् करडीलेही येणार नाई. माह्या महापरसादाले तुमी ज्येष्ठात उजवून टाकलं, तवा मले कोणी इचारलं नाई. आता मी सांगून राहिली."

मग तिने तुझ्याकडे बघून म्हटलं, "बाबूजी, मारायचं होतं तर मले मारलं असतं. त्यायले कायले मारू देल्लं?"

खुशाल पाटलांनी धोतर झटकलं. पोरगी सज्ञान आहे, तिने गंगाजळी उचलली आहे, पंचांचं काम संपलं, असं म्हणून ते निघाले. भैय्याजी ओरडला, असल्या घरची पोरगी आमच्या वरठीच्या माणसाला नको. स्थळ मोडलं. जाताना खुशाल पाटील तेजरामच्या खांद्यावर हात ठेवून गेले. तुझ्यासमोरून गेले तेव्हा त्यांनी पदर सावरावा तसा पंचा सावरला.

पोर वाचली. ती तू वाचवली नाहीस, मीही नाही. तिची तीच वाचली, आणि तिच्यासाठी मार खाणारा खाऊन बसला आहे. खालचे दोन दात हलताहेत, पेज पितो. यंदा त्याला दंडारीत गाता येणार नाही.

धुरपता


पवनी,
७ नोव्हेंबर १९८१

भाऊ,

तुझं पत्र आलं. शकुनला एक दिवस मंडईला पाठव, तिची आई रडते, लोक विचारतात, आता लग्नाचं काही काढणार नाही, आईची शपथ. चार वेळा वाचलं. तेजरामविषयी एक अक्षर नाही. तो जगला की मेला तेही नाही.

मी पत्र चुलीत घालणार होते. माझ्या महापरसादाने हात धरला. म्हणाली, "पोरीले लिवलं आहे ना? पोरीले वाचून दाखव."

शकुनने ऐकून घेतलं. बिड्यांची जुडी बांधली, दोरा दाताने तोडला, आणि मला लिहायला सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिते.

"बाबूजीले सांगजो, मी मंडईले येतो. आईले भेटतो. पण आधी त्यायनं इथं यावं. दिवसा. मोटारसायकल खंदकाच्या अलीकडं ठेवून पायी यावं, सगळ्याईच्या समोरून. शेवटच्या दारी उभं राहून महापरसाद म्हणून हाक मारावी. माफी नाई मागितली तरी चालते. हाक मारावी. मंग मी त्यायच्या मागं मागं करडीले येतो."

हे सगळं अंगणात झालं आणि तेजरामने ऐकलं. माझी चूक झाली, मी दार लावून घ्यायला हवं होतं.

तू येणार नाहीस. मला माहीत आहे, शकुनलाही माहीत आहे, म्हणूनच तिने असं सांगितलं. मी तुझी बहीण आहे, तुझ्या पायांत किती बळ आहे ते मी लहानपणापासून बघत आले. चौकात ओरडायला पुरतं, चार घरं चालायला पुरत नाही.

पण त्या शहाण्याला कोण सांगणार? त्याने परवापासून काठ लावायचं काम बंद केलं आहे. सुजलेल्या तोंडाने पहाटे उठतो, पाणी शिंपतो, अंगण सारवतो, आणि अंघोळ करून उंबरठ्यावर बसतो. दुपारी ऊन आलं की पोपडे धरतात, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवतो. गल्लीत कोणी त्याला काही म्हणत नाही. केवळराम तिकडून जाताना वळसा घालून जातो, पाऊल उमटू नये म्हणून. मला ते बघून तुझी किळस येते, त्याची येते, त्या ओल्या अंगणाची येते, आणि तुमच्या त्या वाळक्या भाताच्या घासाचीही येते.

यायचं नसेल तर तसं दोन ओळींत कळव, म्हणजे त्याला सांगता येईल. तोवर शेण मी आणून देते.

धुरपता